औशातील दोन जावा आणि दोन बाटल्या

थोरल्या जावेचा हात भाजण्यास धाकटी जबाबदार होती काय, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. मी औसा पोलीस ठाण्यात फौजदार असतानाचे ते प्रकरण अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही.

दोघी जावांना फेफऱ्याचा आजार होता. लातूरच्या एका रुग्णालयात नेहमीच्या गोळीला जोड म्हणून नव्या गोळीची चाचणी सुरू होती. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कोणाला काय मिळते, हे तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. ओळख एकच, बाटलीवरील क्रमांक. थोरलीचे झटके थांबले, धाकटीचे थांबले नाहीत. पुढे एका मंगळवारी पोळ्या लाटताना थोरलीला झटका आला आणि हात तव्यावर पडला. "गोळ्यांत कायतरी केलंय, साहेब," अशी तक्रार घेऊन तिचा नवरा आला.

मी दोन्ही बाटल्या जप्त करून गोळ्या मोजल्या. धाकटीच्या बाटलीत हिशेबापेक्षा दोन जास्त निघाल्या, थोरलीच्या बाटलीत एक.

"एकही चुकवली न्हाई," धाकटी ठामपणे म्हणाली.

थोरलीला विचारले, तेव्हा ती ओशाळली. "सोमवारी निर्जळी असते, साहेब. पाणी न्हाई, तर सकाळची गोळी कशी गिळू? नवी न्हाई, जुनीबी न्हाई."

म्हणजे जास्तीच्या सगळ्याच गोळ्या थोरलीच्या बाटलीत हव्या होत्या. महिला पोलीस नाईक धाकटीला म्हणाल्या, "उपास त्यांचा अन् जास्त गोळ्या तुझ्या उरल्या व्हय गं?"

धाकटी रडू लागली. "आठ दिवसांखाली दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल केली. चाचणीला दोघी एकाच दिवशी गेलो. तिचे झटके थांबले, माझे न्हाई. सासूबाईनं तिला गॅसवरचा सैपाक दिला, मला लसूण सोलाय बसवलं. म्हटलं, खरी गोळी तिलाच हाय."

कोणत्या क्रमांकाच्या बाटलीत काय, याची चाचणीच्या नांदेडमधील मुख्य डॉक्टरांकडे असलेली मोहोरबंद यादी रीतसर उघडण्यात आली. दोघींच्या बाटल्यांत एकच, खरे औषध होते. अदलाबदलीने काहीच बदलले नव्हते. झटका बहुधा सोमवारी चुकलेल्या जुन्या गोळीमुळे आला, असे डॉक्टरांनी लेखी दिले.

थोरलीने तक्रार पुढे नेली नाही. "माझं औषध मागायचं होतं की गं, येडे," एवढेच ती म्हणाली. मात्र नियमानुसार दोघींनाही चाचणीतून वगळले आणि नवी गोळी टप्प्याटप्प्याने बंद झाली. जिचे झटके थांबले होते, तिचीही.

एकच औषध दोन शरीरांत सारखे वागत नाही. मत्सराला मात्र प्रत्येक फरकामागे पक्षपात दिसतो, हे मी तेव्हा शिकलो. आपल्या घरी कोणी फेफऱ्याची गोळी घेत असेल, तर उपवासाच्या दिवशी ती घेतली जाते काय, हे माझ्या शब्दावर न जाता स्वतः मोजून पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे, ही विनंती.