काकांच्या घराचे दार

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसांआधी लाकडाची विचारपूस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो बालाघाटला आमच्या शेजारी राहतो. भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले हे काका पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी मधल्या खांबावर टकटक केली, कान लावला आणि बाबांना म्हणाले, "अस्सल सागवान आहे. घर पाडसान तवा मले सांगजा." त्या दिवशी आमच्या घराची वास्तुशांती होती. बाबांच्या हातातला प्रसाद हातातच राहिला.

काकांच्या परसात शहरभरातले मोडीत निघालेले लाकूड नव्याने उभे होते. न्हाणीघर शाळेच्या जुन्या बाकांचे होते. अंघोळ करताना कोरलेली नावे वाचत बसावे. कोंबड्यांचे खुराडे राईस मिलच्या फळ्यांचे. वादळात पडलेल्या बाभळीची फांदी जशीच्या तशी पायांवर ठेवून केलेल्या बाकावर दोघे बसले, की एक जण घसरत दुसऱ्याच्या अंगावर जाई. ती जरा तासून सरळ करा, असे मी एकदा सुचवले. काका दुखावले. "झाडाले काहून तासू? तूच थोडा वाकडा बस न."

मी बारावीला होतो. घरात एक खोली, माणसे सहा. नापास झालो तर बाबांबरोबर वारासिवनीच्या मिलमध्ये पोती उचलायला जायचे, हे ठरलेलेच होते. थंडी सुरू झाली तेव्हा काकांनी परसातून हाक मारली. कोपऱ्यात खोक्यांच्या फळ्यांची एक कोठडी उभी होती आणि तिला चांगले भक्कम दार होते. "आतून कडी लाव. कोणीबी बोलावलं त उघडजो नको," एवढेच ते बोलले.

महिनाभर मी परसातूनच ये-जा केली. मग एकदा आईने दही देऊन काकूंकडे पुढच्या बाजूने पाठवले. चौकटीत गोणपाट लोंबत होते, आत गल्लीतले कुत्रे झोपले होते. चौकटीवर बिजागऱ्यांच्या नुसत्या खुणा. मी दही तसेच धरून त्या खुणांवरून बोट फिरवले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मलेबी सकाळी उठल्यावरच समजलं." काकांनी तर मलाच समजावले, "चोर आला त नेईन काय? लाकूड त सारं परसात आहे."

मी पास झालो. पुढे आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, मास्तर झालो, आणि पहिल्या पगारात काकांसाठी चकचकीत प्लायवूडचे दार नेले. त्यांनी टकटक केली, कान लावला, चेहरा पडला. "हे त बोलतच नाही रे." दुसऱ्या दिवशी ते खुराड्यावर छप्पर होऊन बसले होते.

जुने दार अजून कोठडीलाच आहे. मागच्या गल्लीतली एक मुलगी सध्या आतून कडी लावून अभ्यास करते. काकांना आता कमी ऐकू येते, खांबाला कान लावला तरी फारसे काही कळत नसावे. मी सुट्टीत जातो तेव्हा गोणपाटासमोर घुटमळतो. वाजवायला काही नसते. मग हळूच गोणपाट बाजूला करतो, आणि दर वेळी आत शिरताना माझी मान आपोआप खाली जाते.