भूकंपघराचा खांब

आमच्या घरात आजही कोणी दार आपटत नाही. पाहुण्यांना वाटतं, काय संस्कारी माणसं! संस्कार कसले, ही सवय आम्हाला एका दोन खोल्यांच्या इमारतीने लावली.

नंदुरबारबाहेर एका टेकडीच्या पायथ्याशी ती होती. लोक तिला भूकंपघर म्हणायचे. बाहेरच्या खोलीत टेबल-खुर्ची, आतल्या अंधाऱ्या खोलीत कमरेएवढा काँक्रीटचा खांब. खांब थेट खालच्या खडकात रोवलेला. फरशीचा धक्काही लागू नये म्हणून भोवती बोटभर फट. त्यावर यंत्र, आणि यंत्राची सुई फिरत्या कागदावर जमिनीची थरथर रेखायची. तो कागद रोज सकाळी बदलणं हे आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम. आम्ही मागच्याच क्वार्टरमध्ये राहायचो, त्यामुळे कोणाचं पाऊल जड पडलं की कागदावर ओरखडा. माझे ओरखडे जास्त. मी लहानपणापासूनच अंगाने सुखवस्तू. आप्पा कागद बघून म्हणायचे, "हाऊ भूकंप आपला घरना शे."

मिरची कांडायला तर बंदीच. आजूबाजूला लालभडक मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या आणि आमची माय, घरात उखळ-मुसळ असताना, टोपलं डोक्यावर घेऊन गावात मावशीकडे निघायची. दारातून टोमणा ठरलेला: "धरतीनी झोप मोडाले नको, मन्ही कंबर मोडनी तरी चाली!"

आप्पा हसायचे. तेसुद्धा हळूच.

माझ्या हळदीत मी नाचलो तेव्हा लोकांना वाटलं, नवरदेवाच्या पायात काटा मोडलाय.

पुढे दुसरीकडे कुठे तरी डबीएवढं यंत्र बसलं, ते म्हणे सगळं आपोआप कळवतं. आप्पा निवृत्त झाले, भूकंपघराला कुलूप लागलं. नंतर कोणी त्यात फवारणीचे पंप ठेवले, कोणी पत्रे नेले. मधल्या काळात माय गेली. शेवटी रस्ता रुंद करताना भिंतीही गेल्या.

गेल्या वर्षापासून आप्पांचे हात थरथरतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. आप्पांना पटलं नाही. चहा बशीत सांडला की ते विचारायचे, "जमीन हाली ऱ्हायनी का मीच हाली ऱ्हायनू?"

"आप्पा, जमीन बरी आहे."

"तुले काय समजस? माले एक डाव खांबवर हात ठेवू दे. मंग सांगसू."

भिंती पाडल्याचं त्यांना माहीत होतं. पण खांब खडकातला, तो कोण काढणार, असा त्यांचा भरवसा. त्याच्यावर हात टेकला की जमीन शांत आहे की नाही हे कळतं, एवढीच त्यांची श्रद्धा. शेवटी रिक्षा केली.

खांब होता. एकटाच, उघड्यावर. शेजारी हापसा झाला होता आणि एक बाई त्या खांबावर गोधडी ठेवून धोपटण्याने धडाधड बडवत होती. ज्याच्याजवळ आम्ही खोकलोसुद्धा नाही, त्यावर!

आप्पा रिक्षातून उतरले आणि दबक्या पावलांनी निघाले. मागून मीही तसाच. शंभर किलोचा माणूस चवड्यांवर चालताना बघून बाईने धोपटणं थांबवलं.

"काय दखतस बाबा? काही हरायनं का?"

"नही माय. जराखा थांब."

तिने गोधडी बाजूला ओढली. आप्पांनी ओल्या खांबावर तळहात टेकला. डोळे मिटले. मी खांबाकडे बघत होतो, खोटं कशाला बोलू, एखादा लहानसा धक्का बसावा असंही मनात येऊन गेलं. खांब गप्प होता. वर आप्पांचा हात मात्र थरथरतच होता.

डोळे उघडून ते म्हणाले, "मीच शे."

मग हात काढून बाईला म्हणाले, "धुय माय. जोरमा धुय."

रिक्षात बसल्यावर मागून धोपटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. आप्पा तो ऐकत राहिले.

"तुन्ही मायले मी फुकट कांडू दिधं नही," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना खाटेवर निजवलं आणि दार लावून घेतलं. हळूच. दुसरं जमतच नाही.