टूल बांधणारी ताई

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर शिकवत होते. नांदेडहून भाचीचा. "मावशी, आई गेली…" एवढंच. महिना उलटला, तरी मला एका जागी बसवत नाही. सुजाताताईलाही कधी बसवलं नाही.

तिनं लातूरला आयटीआयमध्ये टर्नरला नाव घातलं, तेव्हा आम्ही औशाला राहायचो. लेथवर गरगर फिरणारं लोखंड टूलनं सोलायचं, त्याला आकार द्यायचा. पोरगी असलं शिकणार म्हणून आबा हरखले होते, आईला मात्र घोर. पहिल्याच वर्षी टूल जरा खाली बांधलं गेलं, लोखंडात रुतून तुटलं आणि तुकडा ताईच्या डोळ्याखाली घुसला. टाके पडले, डोळा वाचला. आबांनी सांगून टाकलं, "बास झालं आता. कॉमर्सला जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गालाला पट्टी लावून एसटीत बसलेली. आबा मागोमाग चढले. मी खाली, खिडकीपाशी.

"उतर."

"न्हाई उतरत, आबा. टूल मीच चुकीचं बांधलं होतं. आज नीट बांधून बघू द्या, न्हाईतर जन्मभर भ्याव वाटंल."

"अन् डोळाच गेला तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. आबा उतरलेच नाहीत, तिच्या शेजारी बसले. मला ओरडून म्हणाले, "आईला सांग, लातूरला चाललो!"

दिवसभर ते वर्कशॉपच्या दारात उभे होते म्हणे. संध्याकाळी त्यांनी लोखंडाची वेटोळी, निळसर साल आईपुढं धरली. "बघ, अखंड काढली पोरीनं." …आणि न जेवताच झोपले. पुढे ताईनं नांदेडला स्वतःचं लेथचं दुकान टाकलं, तरी तिचा फोन लागला नाही की आबांच्या येरझाऱ्या सुरू. त्यांच्या शेवटापर्यंत.

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी ताई मुखेडला आमच्याकडे आली होती. छातीत भरून येतंय म्हणाली. मी म्हटलं, दवाखान्यात चल. तर हिनं माझी विळी उचलली. "हिनं भाजी चिरून राहिलीस का ठेचून राहिलीस गं?" घाम पुसत पुसत दगडावर धार लावली. निघताना म्हणाली, "उद्या दाखवते डॉक्टरला."

भाचीचा फोन त्या उद्याचाच.

विळी आता बोथट होत चाललीय. परवा गल्लीत धारवाला आला. मी विळी त्याच्या हातात दिली. त्यानं चाकाला पाय लावला… आणि मी ती परत मागितली.

"काहून, बाई?"

"ताईची धार आहे तिच्यावर अजून," मी म्हटलं. तो पुढच्या दाराला गेला. मी आत येऊन टोमॅटो हातानंच कुस्करले.