सन्माननीय व्यासपीठ

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते, आणि मला रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत माझी ओळख अजून तेवढीच आहे.

बाबा नागपूर-उमरेड एसटीवर कंडक्टर होते. एका दुपारी डेपोतच त्यांना ॲटॅक आला. मामा मला शाळेतून घ्यायला आला. स्कूटरवर बसल्यावर त्यानं सांगितलं, आणि मी विचारलं की मग संध्याकाळी ट्यूशनला जायचं का. मामानं गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी खरंच विचारत होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी पोहे आणले, तर मी दोन प्लेटा खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी बीजगणिताची वही काढली. आत्या दारात उभी राहून म्हणाली की या पोरीला काळीजच नाही. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, म्हणजे ऐकवण्यासाठीच.

मी प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. बाथरूमात नळ सोडून आरशासमोर उभी राहिले आणि बाबांना आठवायला लागले. पण दरवेळी एकच गोष्ट आठवायची, की मी आठ दिवसांपासून त्यांच्याशी बोलत नव्हते. शाळेची सहल रामटेकला चालली होती आणि त्यांनी नाही म्हटलं होतं, बस, एवढंच. ते जेवायला हाक मारायचे, मी जायचे नाही. शेवटच्या सकाळी ड्यूटीवर निघताना ते दारातून "येतो वं बाई" म्हणाले आणि मी वहीतून मान वर केली नाही. आईच्या हे लक्षात आलं नसेल, असं मी धरून चालले होते. कळलं तर ती मला कधीच माफ करणार नाही, याची भीती तेवढी होती. बाकी आत काहीच नव्हतं. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, तसं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे बाबांच्या शोकसभेला, गल्लीत मांडव टाकला. बाबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. बुद्धवंदना झाली, आणि मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलू लागला. डेपोतले एक काका बोलता बोलता रडले आणि खाली बसले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, पोरगी शाळेत वक्तृत्वात पहिली येते, तिलाही बोलू द्या. माईक माझ्या हातात आला.

माईकसमोर मला एकच गोष्ट येत होती. मी पाठ ताठ केली आणि सुरू केलं, "सन्माननीय व्यासपीठ, आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो." पुढचं सगळं धडाधड आलं. कष्टाळू पिता, शिस्त, संस्कार, दीपस्तंभ. जिथे आवाज चढवायचा तिथे चढवला, जिथे थांबायचं तिथे थांबले. एकदाही अडखळले नाही. शेवटी "एवढे बोलून मी आपली रजा घेते" म्हटलं, आणि मागे बसलेल्या लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्यांना दटावून गप्प केलं. आई फोटोजवळ खाली बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पुढे कितीतरी दिवस धड पाहिलं नाही.

आता मी स्वतः शाळेत शिकवते, नववी-दहावीला. मागे एक समुपदेशक मॅडम आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर मेंदू काढला आणि सांगितलं की या वयात भावना झेपेनाशा झाल्या की मूल कधीकधी आतून बंद पडतं, आणि वरून बेफिकीर दिसतं. सगळ्या शिक्षकांनी वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं. मनात म्हटलं, घ्या, आता सांगता. पालकसभेत एखादी आई म्हणते की पोरगी नुसती दगड झाली आहे, तेव्हा मी मान हलवते आणि मार्कांकडे वळते.

मागच्या हिवाळ्यात आई आणि मी मेथी निवडत बसलो होतो. तिचं बीपी वाढलं होतं, डॉक्टरांकडून नुकत्याच परत आलो होतो. ती मान वर न करता म्हणाली, "माह्या वेळेस तू नको बोलजो वं. नुसती बसून राहजो."

दहा वर्षांत त्या भाषणाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली. मी हातातली जुडी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, की शेवटचे आठ दिवस मी बाबांशी बोलत नव्हते, ते गेले त्या सकाळीसुद्धा. सांगतानाही माझा आवाज सपाट होता, बातम्या वाचल्यासारखा.

"मले माहीत आहे," आई म्हणाली. "एका घरात तर होतो. माईक तुह्या हाती आला तेव्हा तू तेच बोलशील म्हणून मी वाट पाहून राहिली होती."

ती पदरानं डोळे पुसत होती. मला तेव्हाही रडू आलं नाही. राग आला, सणकून आला, की इतकी वर्षं नुसती वाट पाहत बसण्यापेक्षा हिनं मला एकदा तोंडानं विचारलं का नाही.