हँडल सुटं होतं

भूत पाहिल्याचं सांगणाऱ्या माणसाला मी आजही आधी विचारतो, आदल्या रात्री काय पिऊन झोपला होतास? माझं सगळं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं. जे अडतं त्याला कारण असतं... गंज, कचरा, वाळलेलं ग्रीस, नाही तर चालवणाऱ्याचा आडमुठेपणा. फक्त एका गोष्टीचं कारण मला सापडलं नाही. आणि खरं सांगू? ते सापडू नये असंच मला वाटतं.

१९८०च्या आसपासची गोष्ट. वर्धा तालुक्यातल्या आंजी (मोठी) इथे माझं ऑइल इंजिन आणि पंप दुरुस्तीचं दुकान होतं. माझा मोठा भाऊ किसन तिथून सायकलनं तासाभरावर, एका धरणाच्या काठी राहायचा. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मागे गाळाची जमीन उघडी पडते. भाऊ तिथे टरबूज-काकडी लावायचा आणि माल आपल्या डोंग्यात घालून, वल्ही मारत अलीकडच्या काठावर आणायचा.

किसनभाऊ अंगानं बारीक, पण पंजा लढवावा तर त्यानंच. त्याची एक खोड होती. तो समोरच्याचा हात लगेच पाडायचा नाही. मधोमध धरून ठेवायचा... तुम्ही कितीही जोर लावा, हात तसूभर हलायचा नाही. आणि हसत म्हणायचा, "हारलो म्हन, मंग सोडतो." लहानपणी मी रडकुंडीला यायचो, पण हारलो म्हणायचो नाही.

त्या धरणावर मासेमारीचा ठेका एका शेठकडे होता आणि त्याच्याकडे मोटरबोट होती. इंजिन बोटीच्या मागच्या फळीला लटकवलेलं, त्याला पुढे आलेलं लांब हँडल. हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते, आणि मूठ पिळली की वेग वाढतो. ती चालवायचा बबन. डोंगेवाले दिसले की बोट सरळ त्यांच्या अंगावर घालायची, अगदी शेवटच्या क्षणी वळवायची आणि लाटेनं डोंगा हेलकावला की खदाखदा हसायचं, हा त्याचा खेळ होता. भाऊ त्याला दोनदा बोलला होता. तिसऱ्यांदा बोलायला तो राहिला नाही. त्या दिवशी बबननं बोट वळवलीच नाही.

मी पोचलो तेव्हा भाऊला काठावर काढून ठेवलं होतं. वैनी त्याच्या उशाशी बसली होती, रडतही नव्हती. बबन सगळ्यांना सांगत होता, "हँडल जाम झालतं हो! लय जोर लावला, वळलंच नाई!" आणि मी काय केलं असेल? भावाजवळ जायच्या आधी बोटीजवळ गेलो आणि हँडलला हात लावला. दोन बोटांनी फिरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोण्यातून सुरी फिरावी तसं.

मी ओरडून पोलीस पाटलाला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "धडकेनं सुटलं असन मिस्तरी. तुमचा भाऊ गेला, तुमी असंच म्हनान." झालं. अपघात म्हणून नोंद झाली.

तेरवी आटोपल्यावर वैनीनं मला एकच विचारलं. "भाऊजी, हँडल खरंच जाम होतं काय?"

"नाई वैनी."

"मंग मले त्याच्याच तोंडून आयकाचं हाय. बाकी काईच नोको."

मला मात्र बाकीही बरंच हवं होतं. बबन रस्त्यात दिसला की हातातला पाना गच्च आवळला जायचा. लोक म्हणायचे, जाऊ दे, देव पाहून घेईल. माझा देवावर तेवढा भरवसा नव्हता.

आणि पुढच्या उन्हाळ्यात धरणावरून निरोप आला... हँडल जाम होऊन राह्यलं! बबनच्या हातात बोट उजवीकडे वळतच नाही, मिस्तरीला पाठवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावात तर बोलणं सुरूच झालं होतं, पाहा, बिचारा खरं बोलत होता. मला वाटलं, हे सोंग आहे. चोराच्या उलट्या बोंबा. मी वैनीला सांगितलं, सायकलला पिशवी अडकवली आणि निघालो. ते हँडल इतकं सुटं करून दाखवायचं होतं मला, की याला पुन्हा तोंड उघडता येऊ नये.

भर दुपार होती. बबन माझ्याआधीच पाटलाला घेऊन आला होता. त्यालाच साक्षीदार हवा होता! "पाहा पाटील, तुमच्या डोयानं पाहा. म्या खोटं बोल्लो नोतो."

मी सगळं काही उघडलं. ज्या खुंटीवर इंजिन फिरतं तिथलं जुनं ग्रीस खरवडून नवं भरलं. हँडल घट्ट करायचा स्क्रू ढिला केला. पंख्याच्या वर एक छोटं पातं असतं, ते तिरकं बसलं तर बोट एका अंगाला ओढते. तेही सरळ होतं. इंजिन बंद ठेवून फिरवलं, सुटं. पाण्यात नेऊन स्वतः चालवलं, डावीकडे, उजवीकडे, वेगात... कुठे काही नाही.

"आता तू चालव," मी म्हणालो.

मी इंजिनाला लागून बसलो, पाटील मधल्या फळीवर. तेवढ्यात काठावरून वैनी आली आणि कुणाला न विचारता पुढच्या टोकाला बसली, बबनकडे तोंड करून. बबननं तोंड फिरवलं.

सुरुवातीला ठीक चाललं. मग भाऊचा डोंगा जिथे फुटला ती जागा आली. समोर पाण्यात बुडून वाळलेल्या बाभळी उभ्या होत्या, उजवीकडे वळणं भागच होतं. बबननं हँडल ढकललं. हललं नाही. त्यानं दोन्ही हात लावले, मानेच्या शिरा फुगल्या.

"पाहा पाटील! पाहून राह्यले ना?"

हे सोंग नव्हतं. मी त्याच्या हातावर हात ठेवून जोर लावला. आजवर हजारो अडलेल्या वस्तू हाताखालून गेल्या. गंजानं अडलेलं करकरतं, वाकलेलं एका जागी ठोकर मारतं. हे तसं नव्हतं. मी जितका जोर लावला तितकाच समोरून येत होता... ना कमी, ना जास्त. पंजा मधोमध धरून ठेवल्यासारखा.

हा हात मला ओळखीचा होता.

"इंजन बंद करा!" पाटील ओरडला. बबन रडवेला झाला, "मूठ सुटून नाई राह्यली! हात निंघून नाई राह्यला माहा!" बाभळी जवळ येत होत्या. वैनीची पाठ त्यांच्याकडे होती, पण तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

इंजिन बंद करायचं बटण माझ्या गुडघ्याशी होतं. मी ते दाबलं नाही. मला त्याचा तो चेहरा आणखी थोडा वेळ पाहायचा होता. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "बबन, जोर नोको लावू. बोल. बोल्ला का सोडते तो."

"कोन?"

"तुले मालूम हाय कोन."

त्यानं वैनीकडे पाहिलं, आणि गुरासारखा हंबरला, "सुटं होतं! त्या दिवशी सुटं होतं! म्याच वळवलं नाई! सोड किसन, सोड रे!"

हँडल असं सुटलं की बबन माझ्या अंगावर कोसळला. बोट गर्रकन उजवीकडे वळली. बाभळीची एक फांदी वैनीच्या पदराला ओरबाडून गेली. मी इंजिन बंद केलं.

मग वैनी म्हणाली, "पाटील, आयकलं ना?" आणि गुडघ्यात डोकं घालून रडली. वर्षभरात पहिल्यांदा.

पाटलानं साक्ष दिली, बबनला शिक्षा झाली. ती कमी झाली असं माझं आजही मत आहे. माफ केलंस का, असं विचारणाऱ्यांना मी चहासुद्धा पाजत नाही. शिकलेले लोक म्हणतात, भीतीनं त्याचे स्नायू आखडले असतील. असतीलही. पण मग माझ्या हाताला जो जोर लागला तो कुणाचा होता?

बबन बोलला त्या दिवशी संध्याकाळी, सगळे गेल्यावर मी एकटाच बोट घेऊन त्याच जागी गेलो. हँडल धरून बसलो. डावीकडे ढकललं, उजवीकडे ढकललं... एकदा, फक्त एकदा अडावं म्हणून. शेवटी जे लहानपणी कधी म्हटलं नव्हतं तेही म्हणून पाहिलं. "हारलो भाऊ."

हँडल सुटंच होतं.