बॉनेटवरचं कुंकू

श्रीखंड-पुरीनं डोळे जड झालेत, पण मला झोपायचं नाहीये. मी चिडलेय. आज दसरा. चार वाजता गाडीची पूजा आहे आणि थोरल्या जाऊबाईंनी पंगतीतच सगळ्यांदेखत सांगून टाकलंय की कुंकू त्यांची सून स्वप्नाली लावेल, विधवेनं बाजूला उभं राहावं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी मी चालवते, रोज सव्वीस किलोमीटर, शाळेपर्यंत. गेल्या रविवारी पॉलिशही मीच केलं, दंड भरून येईपर्यंत. सकाळी गाडी पुसलेलं फडकं मी खुर्चीवर बोळा करून फेकलंय. त्याच्याकडे बघत चटईवर आडवी होते. पंखा घरघरतोय. ती घरघर हळूहळू बादलीत पाणी पडल्यासारखी वाटायला लागते.

अंगणात हे उकिडवे बसलेत, बनियन आणि लुंगीवर, शेजारी दोन बादल्या. एक साबणाची, एक फडकं खळबळायची. एकाच बादलीत फडकं बुडवत राहिलं की तीच माती पुन्हा पत्र्यावर घासली जाते, हे त्यांनी मला वीस वर्षं ऐकवलं. नुसतं ऐकवलं. फडकं कधी हातात दिलं नाही, किल्लीही नाही.

"शालन, उन्हात धुतलीस ना?"

मी सांगते, सकाळी सातला धुतलीय, सावलीत. त्यांना पटत नाही. बॉनेटवर ते चार थेंब उडवतात. थेंब गोल उभे राहतात आणि घरंगळून जातात, म्हणजे पॉलिश नीट बसलंय. हे काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला ठाऊक आहे. आज ती मला पुरत नाही.

गाडी आता माझ्या सातवीच्या वर्गात आहे, बाकांच्या मधोमध, आणि हे फळ्यापाशी उभे आहेत. मी सगळं सांगते. जाऊबाई काय म्हणाल्या, गेल्या दसऱ्यालाही मला कसं दाराआड ठेवलं, आणि मग मी संतापून स्वप्नालीनं लावलेलं कुंकू कोरड्या फडक्यानं कसं खसाखसा पुसलं. निळ्या रंगावर ओरखड्यांचं जाळं उठलं ते त्यानंच. हे वाकून बॉनेट तिरकं बघतात. आता जाळं नाही.

पॉलिश म्हणजे थोडा रंगच घासून काढणं, दरवर्षी ते जमायचं नाही, असं ते समजावू लागतात. मला माहितेय, मी म्हणते, विषय बदलू नका.

मागे फळा नाही. दवाखान्याचा लांब बोळ आहे, जिथे ते गेले, आणि गुळगुळीत फरशीवर आमची गाडी. तरी मी विचारतेच.

"कुंकू मी लावायचं की नाही?"

आता हेही म्हणणार, राहू दे, कशाला वाद. जन्मभर वहिनीपुढे तोंड उघडलं नाही या माणसानं.

"काचेवर लाव," ते म्हणतात. "पत्र्यावर नको. डाग बसतो."

मला हसू येतं आणि रडूही. मेल्यावरही यांना काळजी रंगाची. मी लावू नये, हे मात्र त्यांच्या मनातही आलेलं नाही.

"मी बॉनेटवरच लावणार. मधोमध."

ते माझ्याकडे बराच वेळ बघतात, मघाशी थेंबांकडे बघत होते तसे. मग खाली बसून खांद्यावरचं फडकं मांडीवर पसरतात, सावकाश चार घड्या घालतात.

"मग कोरडं पुसू नकोस. आधी पाणी सोड."

डोळे उघडते तेव्हा वीज गेलीय, पंखा थांबलाय. खुर्चीवर फडकं आहे, पण बोळा नाही. चार घड्या, कडा आत. हात लावला तर ओलं. इतकी नीट घडी मला कधी जमली नाही.

अंगणात स्वप्नाली ताट घेऊन उभी आहे. मी ते तिच्या हातातून घेते. जाऊबाई पुढे येतात, शालन, अगं, म्हणतात.

"जाऊबाई, गाडी मी चालवते. कुंकू मीच लावणार."

बॉनेटवर, मधोमध, मी बोट टेकवते. फडकं माझ्या खांद्यावर आहे. त्यातलं पाणी ब्लाउजमध्ये झिरपतंय, गार.