पत्रकाचं दुसरं पान

हे मी परवापर्यंत कुणाजवळही बोलले नव्हते. परवा दोघींना सांगितलं — आज तुम्हाला सांगते.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण होतं. मी बारामतीत अकरावीला होते आणि हौशी आकाश पाहणाऱ्यांच्या एका गटात नाव घातलं होतं. बोलायला मी लाजायची. पण इंग्रजी शाळेतली म्हणून काटेवाडीला मामाकडं माझ्या शब्दाला वजन होतं. सूर्याकडं सुरक्षित कसं पाहावं, याचं गटानं दिलेलं इंग्रजी पत्रक मी सोबत नेलं. पहिलं पान वाचलं होतं — पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडायचं, सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यायची. दुसरं पान वाचलंच नव्हतं. का? कंटाळा. बाकी काही नाही.

मामीनं तिच्या मोडलेल्या हाताचा जुना एक्स-रे काढला. "ह्यातनं बघितलं तर चालतंय का गं? बघ की तुज्या कागदात."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. माहीत नाही — एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हो, लिहिलंय."

मामानं कात्रीनं तुकडे केले. बाकीच्यांनी क्षणभरच पाहिलं. मामेबहीण संगीता मात्र बघतच राहिली. मधे चहाही प्यायली. दुसऱ्या दिवशी तिच्या डाव्या डोळ्यापुढं मधोमध काळा ठिपका.

"ग्रहणात च्या ढोसलीस, भोग आता," मामी कडाडली. "किती येळा सांगितलं, ग्रहणात तोंड उष्टं करू न्हाय!"

घरी येऊन मी दुसरं पान उघडलं. एक्स-रे वापरू नका — ठळक अक्षरांत. मग मी काय केलं? पत्रक अंघोळीच्या बंबात घातलं.

ग्रहणात खाऊ नये म्हणणाऱ्यांना एरवी मी मनात हसायची. पण चार वर्षं सगळं खापर त्या चहावर फुटू दिलं. एका शब्दानं अडवलं नाही.

यंदा पुन्हा ग्रहण येतंय. संगीता इंदापूरहून बाळंतपणाला माहेरी आलीय. मामीनं ठरवून टाकलं — खोली बंद, वेध लागल्यापासून पाण्याचा थेंब नाही. "एकदा बाधलंय तिला." दिवस भरत आलेली बाई तहानलेली कोंडायची — तीही माझ्या खोट्यापायी?

परवा दोघींसमोर बसले आणि सांगितलं. अडखळत, पण सगळं.

संगीता आधी हसली. "म्हंजी चार वरीस मी उगंच शिव्या खाल्ल्या व्हय?" मग थांबली. "आन् डोळा?"

"तो माझ्यामुळं."

"पाणी पिऊ दे मंग तिला," मामी म्हणाली. "पर तू तवाच बोलायचं हुतंस."

हो. तेव्हाच बोलायचं होतं. परतीच्या एसटीत बसल्यावर जाणवलं, माझे खांदे सैल पडलेत. केवढं हलकं वाटत होतं! निघताना संगीता बाळाची झबली शिवत होती. सुईत दोरा ओवायला तिनं डावा डोळा मिटून घेतला होता.